मेनूची झाली मनू

वेबसाइट चालवायची एक प्रणाली मामाने एकट्याने उभी केली होती. फुकट, आणि कोड सगळ्यांना उघडा. ज्याला वाटेल त्याने बघावा, सुधारावा. शाळा, वाचनालयं, छोटी वर्तमानपत्रं, कोण कोण तिच्यावर चालत होतं देव जाणे! पण गाभ्यात, म्हणजे तिच्या मूळ कोडात, काय शिरणार, हे अजून मामाच ठरवायचा. आणि आज भाचीने गाभ्यातला मेनूचा, म्हणजे साइटच्या पानांची यादी दाखवणारा, भागच नव्याने लिहून त्याच्यापुढे ठेवला होता. वर्षभर राबली होती पोरगी. मामा 'नाही' म्हणाला की सगळं पाण्यात.

मामा काढून टाकलेल्या ओळी वाचायला लागला आणि उडालाच.

"अगं, मनूला मारलंस?"

ही मनू कोणी मुलगी नव्हे बरं का. पहिल्या आवृत्तीत मामाने घाईघाईत इंग्रजीत 'मेनू' लिहिताना एक अक्षर चुकवलं, ते झालं 'मनू'. चूक लक्षात येईपर्यंत जगभरच्या साइटी मनूलाच हाका मारायला लागल्या होत्या. आता कसली दुरुस्ती करताय, कप्पाळ! नाव बदललं की सगळ्यांचे मेनू गायब.

"अरे मामा, जुनाट झाली होती ती. मोबाइलवर धड उघडायची नाही. ज्याला दिसत नाही, त्याला तर तिच्यात वाटच सापडायची नाही."

"खरंय गं. पण मामीची साइट?" मामीच्या शिवणवर्गाची साइट जुन्यातली जुनी. "ती बंद पडली तर मला घरात कोणी जेवायला वाढणार नाही!"

"लावून तर बघ."

मामाने त्या साइटची प्रत नव्या गाभ्यावर चढवली. मेनू आला! त्याने वाचून दाखवायची सोय चालू केली, डोळे मिटले आणि नुसती कळ दाबत गेला. संगणक बोलू लागला: मापं, कापणी, काज-बटण. एकही नाव सुटलं नाही.

"पण ही साइट तर मनूलाच हाक मारतेय. मग ओ कोण देतंय?"

भाचीने एक चिमुकली फाइल उघडली. मनूला कोणी बोलावलं की त्याला नव्या मेनूकडे न्यायचं, एवढंच काम तिथे होतं.

मामाचे डोळे भरून आले. "शाब्बास गं! मी इतकी वर्षं नुसता घाबरून बसलो, आणि तू माझी चूकसुद्धा सांभाळून घेतलीस. हे किती दिवस ठेवायचं?"

"कोणी हाक मारतंय तोवर."

मामाने मंजुरी दिली. मेनूच्या त्याच्या हातच्या सगळ्या ओळी गाभ्यातून गेल्या. मग त्याने आपली खुर्ची भाचीकडे सरकवली.

"बस. आता पहिल्या ओळीपासून शिकव मला."