रिकाम्या घोडियाची दोरी

भावनगरच्या एका अरुंद गल्लीत राहणाऱ्या, हिऱ्यांना पैलू पाडून उदरनिर्वाह करणाऱ्या जेसंगला दिवेलागण आता नकोशी वाटू लागली होती. त्याची चार वर्षांची कन्या रूडी अंथरुणात टिकत नसे. तिला निजवावे, थोपटावे, पांघरूण घालावे, आणि आपण कूस बदलावी तोच ती उठून कोपऱ्यातल्या घोडियापाशी, म्हणजे पाळण्यापाशी, जाऊन बसे. लोखंडी घोडीला टांगलेली ती कापडी झोळी होळीपासून रिकामी होती. तिच्यात निजणारा रूडीचा तान्हा भाऊ तापाने गेला होता. तथापि रूडी त्या झोळीची दोरी ओढीत राही.

शेजारच्या वृद्ध समजूबांनी एकदा ते पाहिले आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"कंकू, रिकामं घोडियं हलवू देतेस? पुन्हा कूस उजवायला नको का तुझी?"

त्या दिवसापासून जेसंगच्या पत्नीची, कंकूची, अन्नावरची वासना उडाली. "रूडीचे बापू, पोरीला आवरा," एवढेच ती म्हणे.

जेसंगने यथाशक्ती सर्व केले. राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या, गूळ दिला, बागुलबुवाचे भय घातले. अखेरीस त्याने झोळी सोडून माळ्यावर टाकली. त्या रात्री रूडी उठली, कोपऱ्यात हात फिरवून आली आणि निमूट आडवी झाली. जेसंगला हायसे वाटले. परंतु पांघरुणाखाली तिचा हात पुढेमागे होतच होता.

"कोणाला झोके देतेस ग?"

"भाईला."

"भाई नाही ना आता, बेटा."

"मी झोपले म्हणून," रूडी म्हणाली. "आई म्हणायची, दोरी सोडलीस तर भाई निघून जाईल. मला झोप लागली. सकाळी तो नव्हता. आता मी नाही झोपणार."

पलीकडे कंकू उठून बसली. रोज सायंकाळी रोटले थापताना पोरीला दोरीपाशी बसवून ती थट्टेने तेच बोलत असे.

"खोटं होतं ग ते. मस्करी केली मी. ताप होता त्याला."

"मग तो कुठं गेला?"

जेसंग उठला आणि त्याने माळ्यावरची झोळी खाली काढली.

"नका हो," कंकू म्हणाली. "समजूबा काय बोलल्या, ऐकलंत ना?"

"ऐकलं." त्याने झोळी पूर्ववत टांगली. "रूडी, आता दोरी माझ्याकडे. मी जागा आहे. तू झोप."

"सोडणार नाही ना?"

"नाही."

घोडी कुरकुरू लागली. कंकूने भिंतीकडे तोंड फिरवले. हळूहळू रूडीच्या पापण्या मिटल्या, तिचा हात पांघरुणाखाली स्थिर झाला. आता थांबावे म्हणून जेसंगने दोरी सैल केली. कुरकुर थांबताच तिचे डोळे उघडले.

"बापू."

"ओढतोय, बेटा."

आणि तो ओढू लागला. झोळी येत होती, जात होती, आणि तिचे काहीच वजन त्याच्या हाताला लागत नव्हते.