आठवा संघ

दिपक शिवशरणनं पायातले बूट काढले, एकमेकांवर आपटून त्यांची माती झाडली आणि मैदानाच्या कठड्यावर गुरुसिद्धप्पांच्या शेजारी येऊन बसला. सराव संपला होता. बाकीची पोरं आपापल्या गाड्या काढून निघून गेली होती. दिपक मान वर न करता म्हणाला, “अप्पा, पुण्याच्या क्लबनं माझी ट्रान्स्फर मागितलीय. तुमच्या मोबाईलवर आली असंल.”

“न्हाई बा,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “काय दिसलं न्हाई.”

“शनिवारी संध्याकाळी सहाला बंद हुतंय ते.”

“रविवारची मॅच होऊ दे की. मग बघू.”

शनिवारी बंद होणारी गोष्ट रविवारनंतर बघता येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. बूट हातात धरून, अनवाणीच दिपक फाटकाकडं चालत गेला. गुरुसिद्धप्पांनी खिशातला मोबाईल बाहेर काढला नाही. अर्ज सोमवारीच आला होता. त्याच्याखाली एक हिरवं आणि एक लाल अशी दोन बटणं होती. हिरव्यावर ‘मंजूर’ लिहिलेलं होतं. ते दाबलं की दिपक पुण्याचा होणार होता, रविवारी इथून खेळू शकणार नव्हता. चार दिवस ते ती बटणं बघत होते आणि मोबाईल परत खिशात टाकत होते.

गुरुसिद्धप्पा हत्तुरे हे ‘मिल स्पोर्टिंग’ क्लबचे सेक्रेटरी होते. सेक्रेटरी, मॅनेजर, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणारे आणि वेळप्रसंगी पोरांच्या पायाला बर्फ लावणारे, सगळं तेच. एके काळी या कामांना वेगवेगळी माणसं होती. मिल चालू होती तेव्हा क्लब मिलचा होता. चांगला खेळणाऱ्या पोराला मिलमध्ये नोकरी मिळायची आणि सामन्याच्या दिवशी पहिल्या पाळीला लवकर सुट्टी. गुरुसिद्धप्पा गोलकीपर म्हणून लागले. त्यांच्या पुढं बचावाला दिपकचा बाप, यशवंत शिवशरण, उभा राहायचा. मिल स्पोर्टिंगनं सलग काही वर्षं जिल्ह्याची फुटबॉल लीग जिंकली. कोल्हापूर-मिरजेचे संघ सोलापुरात खेळायला येताना जरा बिचकत, असे ते दिवस होते.

मग मिल बंद पडली. क्लब मात्र राहिला, कारण गुरुसिद्धप्पांनी तो सोडला नाही. मंगळवार पेठेत त्यांनी दोऱ्या-ताडपत्रीचं छोटं दुकान टाकलं आणि त्याच्या पोटमाळ्यावर क्लबचे बॉल, जाळ्या आणि जर्सी ठेवल्या. मैदानाचं भाडं, पंचांची फी, बाहेरगावच्या सामन्यांच्या गाड्या, हे सगळं दुकानातून जायचं. कुणी वर्गणी दिली तर दिली. दुकानातला माल दर वर्षी थोडा कमी दिसायला लागला. पहिल्यांदा वरच्या फळ्या रिकाम्या झाल्या, मग मधल्या.

आणि या वर्षी लीगच्या समितीनं नवी रचना आणली. बारा संघांची लीग आता आठ संघांची होणार होती. प्रत्येक संघाकडं प्रशिक्षणाचा दाखला असलेला कोच हवा, लहान मुलांचा संघ हवा आणि समितीकडं अनामत रक्कम भरलेली हवी. उरलेल्या चार संघांसाठी खालची लीग नव्हती. त्यांनी वर्षातून एकदा तालुक्याची बाद फेरी खेळायची, बस्स. मिल स्पोर्टिंग नवव्या जागेवर होता. आठव्या जागेवरच्या जय हिंद मंडळाशी शेवटचा सामना रविवारी होता. जिंकले तर आठवे. बरोबरी झाली तरी बाहेर.

अनामत भरायला गुरुसिद्धप्पांनी कुंभारीतली आपल्या वाटणीची जागा धाकट्या भावाला, महेश्वरला पैसे घेऊन लिहून दिली होती. महेश्वरनं आधी नको म्हटलं. मग अप्पा रडायच्या बेताला आले तेव्हा सही केली. शांतम्माला, म्हणजे बायकोला, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी तिनं ताट वाढलं, “ऊट माडी,” जेवा म्हणाली आणि स्वतः न जेवता शेजारणीकडं जाऊन बसली.

आता ज्याच्यावर सगळं होतं तो दिपक होता. या मोसमातले निम्म्याहून जास्त गोल त्याचे होते.

शुक्रवारी दुपारी भीमाबाई दुकानात आली. दिपकची आई. सरकारी दवाखान्यात ती आया होती आणि ड्युटीवरून तशीच आली होती. गुरुसिद्धप्पांनी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

“भाऊजी, अर्ज आलाय न्हवं तुमच्याकडं?”

तिच्यासमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते आपली अडचण सांगायला लागले. रविवारचा एकच सामना आहे, क्लब टिकला पाहिजे, मिलचं नाव आता तेवढ्या एका ठिकाणीच उरलंय, दिपक काय पुढच्या वर्षीही जाऊ शकतो. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच जाणवलं की आपण पंचाशी वाद घालताना बोलतो तसं बोलतोय. भीमाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“पुढल्या वर्षी त्याला चोविसावं लागंल,” ती म्हणाली. “तवा कोण इचारतंय? आता ऱ्हायला जागा देत्यात, पगार देत्यात. हितं पाण्याच्या टाकीवर कंत्राटात हाय. ते बी कदी काडतील म्हाईत न्हाई.”

“एक मॅच, वहिनी.”

“त्यांनी बी मरंपर्यंत क्लब क्लबच केलं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्यांच्या मयतावर तुमी क्लबचा झेंडा घातलाव. लई मोठं वाटलं मला तवा. पन पोरगं मला झेंड्यात नको, भाऊजी.”

ती गेली. गुरुसिद्धप्पा गल्ल्यावर बसून राहिले. एक गिऱ्हाईक दोरी मागत होतं, ते त्यांना दोनदा ऐकू आलं नाही. मोबाईल त्यांनी काढला, हिरव्या बटणापर्यंत अंगठा नेला आणि थांबले. दिपक गेला तर गोल कोण करणार? या प्रश्नापलीकडं त्यांचं डोकं जाईना. आणि मग त्यांना निंगप्पा आठवला.

निंगप्पा पाच-सहा वर्षांपूर्वी क्लबचा सगळ्यात चांगला पुढचा खेळाडू होता. अक्कलकोटकडचा गडी, बोलायला लाजरा, पण पायात बॉल आला की वेगळाच माणूस. गुडघा गेल्यावर तो टेंभुर्णीला हायवेवर पंक्चरचं दुकान टाकून बसला होता. क्लबच्या यादीतून त्याचं नाव गुरुसिद्धप्पांनी कधी काढलं नव्हतं. तो एक तास खेळला तरी पुरे. तो आला तर दिपकला सोडता येईल. हा विचार सुचला आणि कितीतरी दिवसांनी गुरुसिद्धप्पा रात्री नीट झोपले.

शनिवारी सकाळी दुकान उघडून दुपारच्या एसटीनं ते टेंभुर्णीला गेले. निंगप्पाचं दुकान पुलाच्या अलीकडं होतं. शेजारीच त्याची बायको दानेश्वरी चहाचा गाडा चालवत होती. निंगप्पा ट्रकचं चाक खोलत होता. अप्पांना बघून त्यानं हात पुसले, वाकून नमस्कार केला आणि काय काम आहे ते ऐकायच्या आधीच बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

गुरुसिद्धप्पांनी सगळं सांगितलं. निंगप्पानं क्षणभरही विचार केला नाही.

“येतो की,” तो म्हणाला. “तुमी आलाव, अन् मी न्हाई म्हनू व्हय?”

“गुडघा कसा हाय?”

“बरा हाय. बगा की.” आणि तो उठला. ट्रकांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यानं हलकं पळून दाखवलं. जाताना बरं पळाला. वळताना मात्र त्याचा डावा पाय जमिनीवर नीट टेकलाच नाही, तो ट्रकच्या बोनेटला धरून थांबला, हसला आणि पुन्हा पळायला लागला. “पट्टी आवळली की काय व्हत न्हाई, अप्पा,” तो तिकडून म्हणाला. घामानं त्याचा चेहरा चमकत होता. दोन ड्रायव्हर चहा पीत मजेनं बघत होते.

दानेश्वरीनं चहाचा ग्लास गुरुसिद्धप्पांच्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. निंगप्पाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, “अप्पा, त्यांना नेऊ नका. रात्री जिना चढंना झालेत. पन तुमी म्हनल्यावर ते न्हाई म्हननार न्हाईत. त्यांना जमतच न्हाई ते.”

गुरुसिद्धप्पांनी ग्लास गाड्यावर ठेवला. निंगप्पा तिसऱ्यांदा वळत होता. त्यांनी त्याला हाक मारून थांबवलं, जवळ बोलावलं आणि सांगितलं की उद्या यायची गरज नाही, मी सहज भेटायला आलो होतो. निंगप्पा गोंधळला. “दिपक?” त्यानं विचारलं.

“दिपकचं बघतो मी.”

परतीची एसटी भरलेली होती. गुरुसिद्धप्पा दांडीला धरून उभे होते. निंगप्पाला नाही म्हणणं जमत नाही, हे दानेश्वरीचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. गुरुवारी कठड्यावर दिपकही नाही म्हणाला नव्हता. यशवंतही कधी म्हणाला नव्हता. ताप अंगात घेऊन तो खेळला होता, हातगाडी ओढून आल्यावर खेळला होता. इतकी वर्षं गुरुसिद्धप्पा ते क्लबवरचं प्रेम समजत आले होते. असेलही. पण त्यात त्यांच्या स्वतःच्या शब्दाचा भार किती होता, हे त्यांनी कधी तपासून बघितलं नव्हतं.

मोहोळच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सहाला थोडा वेळ बाकी होता. ते खाली उतरले. मोबाईलला रेंज येत होती, जात होती. पाण्याच्या टाकीजवळ जाऊन त्यांनी हिरवं बटण दाबलं. मोबाईलनं मेसेजमध्ये आलेला ओटीपीचा आकडा टाकायला सांगितला. चष्मा दुकानात राहिला होता. हात लांब धरून त्यांनी आकडा वाचला, चुकला, पुन्हा मागवला. कंडक्टरनं घंटी दिली. एसटी त्यांना तिथंच सोडून निघून गेली, तरी ते पडद्याकडंच बघत होते. शेवटी त्यावर बरोबरची खूण उमटली. त्यांनी दिपकला फोन लावला. त्यानं उचलला नाही. भीमाबाईनं उचलला.

“केलं मी,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

भीमाबाई एवढंच म्हणाली, “बरं झालं, भाऊजी. सकाळच्या गाडीला बसवते त्याला.”

रविवारी मिल स्पोर्टिंगकडं नऊ जण होते. दोघांना कारखान्यात ड्युटी लागली होती. एकानं फोन बंद ठेवला होता. दिपक गेल्याचं कळल्यावर त्याला यावंसं वाटलं नसणार, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. गुरुसिद्धप्पांनी नऊच नावं पंचांना दिली. सामना सुरू व्हायच्या जरा आधी मैदानाबाहेर एक टेम्पो थांबला आणि त्यातून निंगप्पा उतरला. गुडघ्याला पट्टी, हातात पिशवी, पिशवीत जुने बूट. बायको दुपारच्या झोपेत असताना निघालो, असं तो हसत म्हणाला.

“बस हितं,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

“नऊच हायेत की, अप्पा.”

“बस म्हनलं न्हवं?”

निंगप्पा बसला. पहिला अर्धा वेळ पोरांनी जिवाच्या आकांतानं खेळून काढला. गोल झाला नाही. पाणी प्यायला आले तेव्हा सगळे धापा टाकत होते, पण डोळ्यांत आशा होती. दुसऱ्या अर्ध्यात पोरांचे पाय संपले. जय हिंदनं एक गोल केला, मग दुसरा. निंगप्पानं पट्टी पुन्हा आवळली, बूट घातले आणि गुरुसिद्धप्पांच्या समोर येऊन उभा राहिला. शेवटची दहा मिनिटं राहिली होती.

गुरुसिद्धप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आपल्या शेजारी खाली बसवलं. हात तसाच ठेवला. जय हिंदचे पुढचे दोन गोल दोघांनी तसेच बसून बघितले.

शिट्टी वाजल्यावर समितीचा माणूस आला. तो भला माणूस होता. अनामत महिन्याभरात परत मिळेल, असं त्यानं सांगितलं, आणि तालुक्याच्या स्पर्धेचा अर्ज पाठवतो म्हणाला. गुरुसिद्धप्पांनी मान हलवली. कुंभारीच्या जागेवर महेश्वरनं गेल्याच आठवड्यात पाया खणायला घेतला होता. त्यांनी प्रत्येक पोराच्या पाठीवर हात फिरवला, निंगप्पाला टेम्पोपर्यंत सोडलं आणि गोलच्या जाळ्या सोडायला परत आले. गाठी घट्ट बसल्या होत्या. नखं दुखायला लागली.

ऊन उतरलं तेव्हा फाटकातून शांतम्मा येताना दिसली. पेठेतून एवढ्या लांब ती चालत आली असावी. कुणीतरी तिला निकाल सांगितला असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती या मैदानावर कधी आली नव्हती. तिनं चपला कडेला काढून ठेवल्या आणि पदर खोचत, एखाद्या नव्या घरात शिरावं तशी हळूहळू चालत आत आली. जाळीचं दुसरं टोक तिनं हातात धरलं. दोघांनी मिळून ती घडी केली.

मग तिनं आजूबाजूला बघितलं.

“तुमी कुटं हुबं ऱ्हायचाव?” तिनं विचारलं.

गुरुसिद्धप्पांनी दोन खांबांच्या मधली जागा दाखवली. पायांनी तुडवून तुडवून तिथलं गवत कधीच गेलं होतं, नुसती लाल माती होती. शांतम्मा तिथं गेली आणि तोंड मैदानाकडं करून उभी राहिली. लांबवर, पार पलीकडच्या खांबांपर्यंत बघत ती बराच वेळ तशीच उभी होती.