अनवाणी मच्छिंद्र

साखर कारखान्याच्या फाटकासमोर महांतप्पाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक भट्टी. तिथं रोज सकाळी तीन घामेजलेली माणसं येऊन बसायची आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघून हसायचे. हसणारच की! बहात्तरचा दुष्काळ सरून सात-आठ वर्षं झाली होती. ढोर सुटलं तर पळावं, एसटी चुकत असेल तर पळावं, एवढं लोकांना कळत होतं. पण मागं कुत्रं नाही, पुढं एसटी नाही, आणि तीन बाप्ये तेर गावाच्या रस्त्यानं उगाच पळत जातात आणि उगाच परत येतात, हे काही कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

तिघांत आबाराव थोरला. चाळिशी गाठलेला, होमगार्डात जाऊन कवायत शिकलेला, त्यामुळे बसतानाही ताठ बसायचा. बलभीम सोसायटीत शिपाई होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तिसरा लिंबाजी. कारखान्याच्या गव्हाणीवर उसाच्या मोळ्या ओढायचा, आणि बोलायचं काम दुसऱ्यांवर सोडून द्यायचा. दरवर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला तेरपासून फाटकापर्यंत शर्यत लागायची. पहिल्याला पितळी घागर. त्या एका घागरीसाठी ही मंडळी वर्षभर घाम गाळत होती.

चहा येईपर्यंत आबाराव आपली सोलापूरची शर्यत सांगायचा. सगळ्यांना पाठ होती, तरी ऐकायचे.

"पहिल्या मैलात म्या सगळ्यांच्या म्होरं होतो."

"आन् शेवटच्या मैलात?" बलभीम ठरल्याप्रमाणं विचारायचा.

"शेवटच्या मैलात बी म्होरंच होतो. टांग्यात."

मग बरगडीत कळ आली तर काय करावं, घोटा मुरगळला तर कुणाकडून चोळून घ्यावा, असं करत करत गाडी बुटांवर यायची.

"बूट सांजच्याला घ्यायचा," बलभीम म्हणायचा. "दिवसभर चालून पाय फुगलेला असतोय. सकाळी घेतलेला बूट सांजच्याला चावतोय."

"आन् एक नंबर मोठा," आबाराव भर घालायचा. "पळताना अंगठा म्होरं सरकतोय. आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टाकायचा."

आणि इथं आलं की तिघंही गप्प व्हायचे. कारण हे सगळं शहाणपण त्यांचं नव्हतं, मच्छिंद्रचं होतं, आणि मच्छिंद्र आषाढात काविळीनं गेला होता.

मच्छिंद्र कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता आणि या टोळीचा म्होरक्या होता. लिंबाजीचा तर लंगोटीयार. दुष्काळात हाच तेरचा रस्ता सरकारी कामावर तयार झाला तेव्हा दोघं आपापल्या आयांबरोबर इथं खडी फोडत होते. दोघांत एकच चप्पलजोड होता. एक दिवस याच्या पायात, एक दिवस त्याच्या. पाय दोघांचे एकाच मापाचे. पळण्यात मात्र बरोबरी नव्हती. मच्छिंद्र पुढं आणि लिंबाजी मागं, हे इतकं ठरलेलं होतं की लिंबाजीला मित्राचा चेहरा जितका पाठ होता, त्याहून त्याची पाठ जास्त पाठ होती. मच्छिंद्रचा उजवा पाय पडताना किंचित फरफटायचा. लहानपणी खडीचा दगड पडून अधू झालेला पाय. पण त्या पायानंही तो सगळ्यांना मागं टाकायचा. मरायच्या आधी महिनाभर त्यानं सोलापूरला जाऊन कॅनव्हासचे पांढरे बूट आणले होते. ते घालून तो जेमतेम दोनदा पळाला.

तेराव्याला पायताण द्यायची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. वरची वाट काट्याकुट्यांची, तापलेल्या वाळूची. जाणाऱ्याचे पाय भाजू नयेत म्हणून इथं कुणाला तरी चप्पल-छत्री द्यायची. पण मच्छिंद्रची आई सरुबाई, तिच्या माहेरची रीत अशी की नुसतं देऊन भागत नाही. घेणाऱ्यानं ते पायात घालून झिजवायला पाहिजे. तो जेवढं झिजवील तेवढं वर गेलेल्याच्या पायाला मिळतं. त्यानं ते फडताळात ठेवलं, तर तिकडचा माणूस अनवाणीच. म्हणून सरुबाईनं नव्या चपला आणल्या नाहीत आणि दान घ्यायला पाटावर बसवलेल्या पाहुण्यालाही विचारलं नाही. सगळ्यांसमोर ते पांढरे बूट तिनं लिंबाजीच्या ओंजळीत ठेवले.

"तुज्या पायाला येतेत," ती म्हणाली. "घाल आन् पळ बाबा. लई पळ."

लिंबाजीनं घरी येऊन बूट समोर ठेवले. आत मच्छिंद्रनं स्वतः कापलेला ट्यूबचा तुकडा होता, त्यावर त्याच्या पाच बोटांचे काळपट ठसे उमटले होते. लिंबाजीनं पाय आत घालायला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्या ठशांवर आपली बोटं ठेवायची म्हणजे ते पुसायचे. त्याच्यानं होईना. त्यानं बूट धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधले, ट्रंकेत ठेवले आणि आपल्या जुन्याच, अंगठ्याजवळ फाटलेल्या बुटांनी पळायला लागला. ज्यानं मित्रावर जीव लावला नसता, त्यानं ते बूट बिनधास्त वापरले असते आणि सगळं सुरळीत झालं असतं. मायेपोटी माणूस कसा घोळ घालून ठेवतो तो असा.

दसरा झाल्यावर मागून पावलं वाजायला लागली.

आबाराव आणि बलभीम अर्ध्यातून परतायचे. लिंबाजी एकटा पुढं ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जायचा. तांबडं फुटलेलं असायचं, दोन्हीकडे उसाचे फड, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अशा वेळी त्याला आपल्या मागं कुणीतरी पळताना ऐकू आलं. बुटांचा आवाज नव्हे, उघड्या तळव्यांचा. थप, आणि मग जरा फरफटत, थप. लिंबाजीनं वळून बघितलं. रस्ता मोकळा होता. तो थांबला, आवाजही थांबला. पळाला, आवाज मागं आला. त्या दिवशी तो फाटकापर्यंत असा पळत आला की महांतप्पानं त्याला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, काय झालं. लिंबाजी म्हणाला, कुत्रं मागं लागलं होतं.

आठवडाभर त्याची बोबडी वळलेली होती. मग भीती कमी झाली. खरं सांगायचं तर पुढं पुढं तो आवाजाची वाट बघायला लागला. गव्हाणीवर दिवसभर मोळ्या ओढताना त्याला एकच ओढ असायची, पहाट कधी होते आणि मच्छिंद्र कधी येतो. उभ्या आयुष्यात जे झालं नव्हतं ते आता होत होतं: लिंबाजी पुढं होता आणि मच्छिंद्र मागं. त्याला वाटायचं, आपल्या सोबतीसाठी तो मुद्दाम मागं राहतो. मरूनसुद्धा सोबत सोडली नाही गड्यानं. या विचारानं त्याचा ऊर भरून यायचा.

त्याचा वेगही वाढला. बलभीम म्हणाला, "काय रं लिंबा, मागं कोण लागलंय तुज्या?" लिंबाजी हसला आणि नाडी आवळायला वाकला.

शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं. डांबर रात्रीतूनही निवेना. आणि मागची पावलं बदलली. थप असा पूर्ण तळवा पडेना. टाचेवर, मग चवड्यावर, चटका बसलेला माणूस टेकवतो तशी ती टेकायला लागली. मध्येच दातांतून हवा ओढल्याचा आवाज यायचा. लिंबाजीला तो ओळखीचा होता. दुष्काळात, ज्या दिवशी चपलेची पाळी लिंबाजीची असायची, त्या दिवशी मच्छिंद्र खडीवरून चालताना असाच आवाज करायचा. लिंबाजीला सगळं कळलं. तरी त्यानं ट्रंक उघडली नाही. उघडली, बूट घातले, की मच्छिंद्रच्या पायाला पायताण मिळणार, आणि मग तो या रस्त्यावर कशाला राहतोय? वाटेला लागणार. लिंबाजीनं स्वतःला सांगितलं, अजून चार दिवस. मग म्हणाला, अजून चार दिवस.

एका दुपारी सरुबाई त्याच्या घरी आली. उंबऱ्यातच बसली. पाणीही घेतलं नाही.

"लिंबा, पोरगं सपनात येलालंय," ती म्हणाली. "काय बोलत न्हाय. बसतंय आन् तळवं दावतंय. फोड आलेत रं तळव्याला." मग तिनं विचारलं, "बूट कुठं हायेत?"

लिंबाजीला खोटं बोलता आलं नाही. त्यानं ट्रंक उघडून फडकं तिच्यासमोर ठेवलं. सरुबाईनं गाठ सोडली. एका बुटाचा तळ तिनं हातानं चाचपला. तो मच्छिंद्रनं ठेवला होता तसाच होता, जराही झिजलेला नाही.

"अनवाणी पळवलालास व्हय रं त्येला?"

"मावशी, तो माज्या मागं असतोय," लिंबाजी म्हणाला आणि इतक्या महिन्यांचं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. पावलं, फरफट, दातांतला आवाज. "तुमी दिलेलं म्या घातलं असतं, मावशी. पर घातलं की त्यो जाईल. म्हणून न्हाय घातलं."

आता ही आपल्याला शिव्या देईल, असं त्याला वाटलं. पण सरुबाईनं पदर नीट केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मला ऐकू येईल का रं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली, मांडीवर फडक्यातले बूट घेऊन. लिंबाजी आपल्या फाटक्या बुटांनी कारखान्याकडून पळत आला. मागं पावलं होतीच, कालच्यापेक्षाही वाईट. मोरी जवळ आली तशी त्याला सरुबाई दिसली. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि कान रस्त्याकडे केला होता. तो तिच्यासमोरून गेला, थोडं पुढं जाऊन थांबला, परत आला. विचारायचं त्याचं धाडस होईना.

तिनं डोळे उघडले. "उजवा पाय अजून फरफटतोयच," ती म्हणाली.

लिंबाजी तिच्या पायाशी बसला. त्याला रडू फुटलं. आपल्याला वेड लागलेलं नाही याचं ते रडू होतं, आणि आता काय होणार ते कळल्याचंही. सरुबाईनं त्याच्या पायातला फाटका बूट ओढून काढला.

"मावशी, आजच्या दीस राहू द्या. उद्या घालतो. तुमी बी या उद्या, पुन्हा ऐका."

"म्या न्हाय येणार. उद्या आले तर परवा बी यीन, आन् मग मरेपातुर इथंच बसंन," ती म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "मला नगं वाटतंय व्हय त्येनं राहावं? पर लेकराचे पाय भाजूलालेत, लिंबा. ऐकलास न्हवं?"

तिनं पांढरे बूट त्याच्या पायात घातले आणि शाळेत जाणाऱ्या पोराचे बांधावे तशा नाड्या बांधल्या. मग हातानं त्याला ढकललं. "जा."

लिंबाजी तेरच्या दिशेनं पळायला लागला. मागं शांत होतं. गेला, त्याला वाटलं, लगेचच गेला. तेवढ्यात पावलं वाजली. पण उघड्या तळव्यांची नव्हे. नव्या रबराची, घट्ट, चटचट पडणारी. उजवा पाय किंचित फरफटत. ती जवळ आली, त्याच्या बरोबरीला आली, आणि लिंबाजीनं मान वळवायच्या आत त्याला ओलांडून पुढं गेली.

मग लिंबाजी पळाला. सोलापूरच्या, लातूरच्या कुठल्याही शर्यतीत कुणी पळालं नसेल असा, छाती फुटेस्तोवर पळाला. पावलं पुढं होती आणि अंतर वाढत होतं. रस्त्याला वळण आलं, उसाच्या फडाआड आवाज गेला, बारीक झाला आणि मग नुसता पाचोळा वाजत राहिला. लिंबाजी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आता कुठं त्याला खरं काय ते कळलं. मच्छिंद्र त्याच्या सोबतीसाठी मागं राहिला नव्हता. पायात काही नव्हतं म्हणून मागं पडला होता. इतके महिने तो त्याला गाठायला बघत होता, आणि लिंबाजी त्याचे बूट ट्रंकेत ठेवून त्याच्या पुढं पळत होता.

तो परत आला तेव्हा सरुबाई कठड्यापाशीच उभी होती. ऊन वर आलं होतं.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला."

"मागं बघितलं त्येनं?"

लिंबाजीला एक खोटा शब्द बोलून म्हातारीचं समाधान करता आलं असतं. पण त्याच्यानं बोलवेना. त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

सरुबाईनं लिंबाजीचे फाटके बूट उचलून काखेत मारले, "आता पायातलेच झिजव," म्हणाली आणि त्याच्या पुढं गावाकडं चालायला लागली.