दोन बोटं कोरडी कड

इटलीतल्या आमच्या पोर्कारी गावात कुणाच्या घरी जेवायला गेलं की माणसं आधी संडासात जातात. घाई लागलेली नसते, टॉयलेट पेपरचा रोल बघायचा असतो. कागद चिमटीत धरून चोळायचा, चुणी किती बारीक पडलीय ते बघायचं, रोल नवा असेल तर शेवटची कड कशी चिकटवलीय तेही बघायचं, आणि बाहेर येऊन यजमानांच्या तोंडावर मत द्यायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही. निम्मं गाव कागदाच्या कारखान्यांत आणि उरलेलं त्या कारखान्यांना यंत्रं पुरवण्यात.

माझ्या नवऱ्यानं, लोरियानोनं, उभी हयात ड्रमवर काढली. घराएवढा तापलेला ड्रम, त्यावर गोंदाचा फवारा. त्या गोंदाला ओला कागद चिकटतो, क्षणात सुकतो आणि पातं त्याला खरवडून काढतं. खरवडताना जी चुणी पडते, तोच कागदाचा मऊपणा. गोंद कमी पडला तर कागद खरखरीत राहतो, जास्त झाला तर पातं अडकून भोकं पडतात. हे जमवणं लोरियानोचं काम, आणि त्याला त्याचा एवढा अभिमान की आमच्या लग्नातही तो माझ्या मावशीला गोंदाबद्दल सांगत बसला होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आमची एकुलती एक मुलगी डेबोरा. तिनं कागदातच यावं असं त्याला फार वाटायचं. ती आली, पण रस्त्यापलीकडच्या कारखान्यात, आणि तेही रोल गुंडाळायच्या विभागात. तिथं गोंद म्हणजे रोलची शेवटची कड धरून ठेवणारी एक बारीक रेघ. लोरियानोच्या लेखी हे कामच नव्हे. "मी मऊपणा करतो आणि माझी पोरगी शेपट्या चिकटवते," तो म्हणाला. डेबोरा त्याचीच पोरगी, बापाला लहानपणापासून बाब्बो म्हणणारी. "बाब्बो, शेपटी नाही चिकटली तर तुझा मऊपणा रस्त्यावर लोळेल," ती म्हणाली. मग त्यानं जाहीर केलं की त्या कारखान्याचा एकही रोल या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. बापलेकीचं बोलणं तुटलं. पुढच्या नाताळला एका टेबलावर बसून दोघं मीठसुद्धा माझ्यामार्फत मागत होती, आणि मी मूर्खासारखी ते पोचवत होते.

तो निवृत्त झाला आणि मग त्याचे हात गेले. संधिवात. बोटं आधी फक्त सकाळी आखडायची, मग दिवसभर आखडू लागली. त्यानं मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, डेबोराला तर मुळीच नाही. चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळायला जाणं त्यानं बंद केलं. मित्रांना सांगितलं, कंटाळा आला. पत्ते हातात धरता येत नाहीत हे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

किती वाढलंय हे मला कळलं ते संडासात. नवा रोल लावला की जमिनीवर चिंध्यांचा सडा. चिकटलेली कड त्याला नखानं सोडवता येईना, म्हणून तो किल्लीनं ओरबाडायचा, कधी दातांनी. वर म्हणायचा, हल्लीची पोरं गोंद फार ओततात. रोल त्याच्याच कारखान्याचे होते. मी गुपचूप आधीच कड सोडून ठेवू लागले, तर एवढा चिडला की दोन दिवस माझ्याशीही मीठ बंद.

मी शपथ मोडली. डेबोराला म्हटलं की चिंध्या झाडून माझी कंबर गेली. खरं म्हणजे मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "आई, त्याचा अंगठा हलतो का?" हलतो, म्हटलं. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, कसली दगडाची मुलगी जन्माला घातली मी.

वसंतात तिनं आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. लोरियानो म्हणाला, मी येणार नाही. मी म्हटलं, नको येऊस, तिनं तोर्देल्ली केल्यात, पास्त्याच्या पारीत मांस भरून, रस्सा घालून, घरी कालचं सूप आहे. तो आला. टायसुद्धा लावला, म्हणजे मीच बांधला.

पोचल्या पोचल्या तो संडासात गेला. बराच वेळ आला नाही. डेबोरा वाढता वाढता थांबली होती आणि तिचे कान लाल झाले होते. मग तो रोल काखेत मारून बाहेर आला. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"हा कुणी केलाय?" त्यानं लेकीला विचारलं. थेट तिला.

"मी."

"रेघ चुकलीय तुमची. कडेपासून दोन बोटं आत सरकलीय. पुढची सगळी कड कोरडी. गोंदाच्या नळीकडे कुणी बघतं की नाही तिथं? अख्खा माल वाया गेला असणार. हे बघ."

दाखवण्यासाठी त्यानं कोरड्या कडेखाली अंगठा घातला आणि उचलला. गोंद अलगद सुटला. कागद अखंड उलगडत त्याच्या बुटांपर्यंत आला, एक चिंधी नाही.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग माझ्याकडे, आणि मी रश्शाकडे बघायला लागले.

"चुकली नाहीय रेघ," डेबोरा म्हणाली. "मी सरकवलीय. साहेबांना म्हटलं, वृद्धाश्रमांना पाठवून बघू. त्यांनी हो म्हटलं. पण पहिला गठ्ठा तुझा आहे, बाब्बो."

लोरियानो खुर्चीत बसला. रोल मांडीवर धरून बसला, टेबलावर ठेवेना. तोर्देल्ली निवत होत्या आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

"गोंद पातळ झालाय," शेवटी तो म्हणाला. "दमट हवेत गोदामातच सुटेल. जरा घट्ट कर."

"किती घट्ट?" तिनं विचारलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

झालं. कॉफी होईपर्यंत दोघं गोंदाबद्दल बोलत होती. मला एक शब्द मध्ये घालता आला नाही. इतकी कंटाळवाणी दुपार आणि इतकं सुख मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

निघताना डेबोरा गठ्ठा गाडीनं पोचवते म्हणाली. तो नको म्हणाला आणि स्वतःच काखेत घेऊन निघाला. वाट चौकातून. बारबाहेर त्याची सगळी जुनी मंडळी पत्ते कुटत बसलेली, आणि त्याच्याच कारखान्यातल्या आल्देमारोची नजर आधी गठ्ठ्यावरच्या नावावर गेली.

"काय रे लोरियानो, रस्त्यापलीकडचा माल? आपला ड्रम बंद पडला की काय?"

आता हा काहीतरी थाप मारणार, म्हणून मी तयारीत राहिले. त्यानं गठ्ठा पत्त्यांच्या टेबलावर ठेवला.

"माझे हात गेलेत, आल्देमारो," तो म्हणाला. "पत्ते धरता येत नाहीत, म्हणून येत नव्हतो. साधा रोल उघडता येत नाही. म्हणून माझ्या मुलीनं हा केलाय." आणि त्यानं एक रोल काढून सगळ्यांदेखत अंगठ्यानं उघडला.

कुणी थट्टा केली नाही. आल्देमारोनं कागद चिमटीत धरून चोळला, चुणी बघितली आणि म्हणाला, मऊपणा ठीकठाक आहे.

"मऊपणा आपलाच चांगला," लोरियानो म्हणाला. "पण कड तिची."

मग कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मी शेजारी बसले आणि त्याचे पत्ते माझ्या हातात धरले. कुठला टाकायचा ते तो माझ्या कानात सांगत होता, आणि आम्ही सारखे हरत होतो.