रुळांच्या दक्षिणेला

"खाली कोणी राहत नाही," दारातला तरुण म्हणाला.

लिनेटनं त्याच्या मागे, भिंतीलगत मांडलेल्या बुटांकडे पाहिलं. सात जोड होते. त्यातला एक अगदी छोटा, गुलाबी फुलांचा.

"म्हणजे या घरात तुम्ही एकटेच?"

"एकटाच."

"आणि हे बूट?"

"पाहुण्यांचे."

त्याचं नाव रोमेल. फिलिपीन्सहून आलेला, मांसाच्या कारखान्यात कामाला. घरमालकानं बेसमेंट गुपचूप भाड्यानं दिलेलं असणार आणि पोरगा घाबरलेला असणार, हे न कळण्याइतकी लिनेट नवी नव्हती. अशा वेळी काय बोलायचं ते जनगणनेच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस घोकून घेतलं होतं. ही माहिती कुणाला मिळत नाही, घरमालकाला नाही, पोलिसांना नाही, इमिग्रेशनलाही नाही. एवढं सांगितलं असतं तरी त्यानं दार पूर्ण उघडलं असतं.

पण तिनं फॉर्मवर एकचा आकडा घातला, थँक्यू म्हटलं आणि पायऱ्या उतरली. गाडीत बसल्यावर तिनं मनातल्या मनात बेरीज केली. सहा आज, अगोदरचे चाळीस. सेहेचाळीस माणसं तिनं गावातून पुसून टाकली होती, आणि गेल्या साडेचार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं.

लिनेट डाबरे ही मूळची वसईजवळच्या भुईगावची. नवरा कॉलिन मालगाड्यांचे डबे दुरुस्त करणारा कारागीर. दोघं कॅनडात आली ती मार्कहॅमला, तिचा मावसभाऊ ॲलरॉय याच्या बेसमेंटमध्ये. तीन वर्षांनी कॉलिनला रेल्वेत कायमची नोकरी लागली, पण ती सस्काटूनपासून दोन तासांवर, कॅरिक जंक्शन नावाच्या गावात. ॲलरॉय म्हणाला होता, "अरे, तिथं थंडीशिवाय आहे काय?" कॉलिन म्हणाला, "रेल्वे आहे ना!"

आणि खरंच, तिथं रेल्वेच होती. सपाट जमिनीवर चौदा रूळ शेजारी शेजारी अंथरलेले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना गाव. उत्तरेला हॉस्पिटल, शाळा, टाऊन हॉल, मोठी घरं, मेपलची झाडं. दक्षिणेला धान्याच्या उंच कोठारांच्या सावलीत स्वस्त घरं, ट्रेलर, कारखान्यातली माणसं. मधे एकच फाटक. दुसरं फाटक अकरा किलोमीटर पश्चिमेला, मातीच्या रस्त्यानं. दोन-दोन किलोमीटर लांबीच्या मालगाड्या फाटकावरच थांबायच्या आणि दक्षिणेची माणसं शाळा, कचेरी, चर्चमधली मिस्सा अशा सगळ्याला उशिरा पोचायची.

लिनेटला टाऊन हॉलमध्ये क्लार्कची नोकरी मिळाली. कौन्सिलच्या सभांचं इतिवृत्त लिहिणं हे तिचं काम. २००९ च्या सप्टेंबरात सभेपुढे रुळांखालून भुयारी रस्ता काढण्याचा ठराव आला. मेयर वेड हॉर्नर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "दक्षिणेला साडेतीनशे माणसं असतील. एवढ्यांसाठी रस्ता? आकडा पुरेसा नाही." ठराव पडला. लिनेटनं ते वाक्य जसंच्या तसं टाईप केलं, स्पेलिंग तपासलं आणि प्रिंट काढली. त्या साडेतीनशेत आपणही आलो, हे तिला तेव्हा टोचलं. पण नोकरी होती.

पुढं २०१२ च्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, उणे चौतीस तापमानात कॉलिन ड्राईव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. लिनेट ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. फावडं पडल्याचा आवाज आला म्हणून तिनं खिडकीतून पाहिलं, तर तो बर्फावर गुडघ्यांवर बसला होता. तिनं अँब्युलन्स बोलावली. ती सहा मिनिटांत फाटकापाशी आली आणि तिथंच अडकली. समोर गव्हाची मालगाडी उभी होती. आत्ता हलेल, आत्ता हलेल, असं म्हणत अँब्युलन्सवाल्यांनी अकरा किलोमीटरचा वळसाही घेतला नाही. तो रस्ता बर्फानं बुजलेलाच होता, आणि गाडी केव्हाही हलेल म्हणून डब्यांखालून चालत यायला मनाई होती. लिनेटचं घर फाटकापासून चौथं. कॉलिनचं डोकं मांडीवर घेऊन ती वाकली की तिला डब्यांच्या चाकांमधून पलीकडे अँब्युलन्सचा फिरणारा लाल दिवा दिसायचा. एक्केचाळीस मिनिटं दिसत राहिला.

फ्युनरलला हॉर्नर आला होता. तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "कोणाचाच दोष नव्हता, लिनेट."

त्या वाक्यावर ती साडेचार वर्षं जगली. मुलगी क्रिस्टा ग्वेल्फहून फोन करायची, "मॉम, यू हॅव टू लेट इट गो." लिनेट म्हणायची, "हो गं," आणि काहीही सोडायची नाही. ऑफिसात हॉर्नरची कॉफी तीच आणून द्यायची. निवृत्त झाली त्या दिवशी त्यानं केक कापला, तिनं तो खाल्ला.

मग २०१६ ची जनगणना आली. हॉर्नरला कॅरिक जंक्शन टाऊनची सिटी करायची होती आणि त्यासाठी पाच हजार माणसं हवी होती. मागच्या वेळी चार हजार आठशे बासष्ट भरली होती. या वेळी होणार, असं तो सगळीकडे सांगत सुटला होता. ऑक्टोबरातली निवडणूकच त्यावर लढवायची होती. दक्षिणेच्या घरांत फिरायला कोणी तयार नव्हतं. लिनेटनं अर्ज केला.

ग्रोसरी घेताना हॉर्नरनं तिला गाठलं. "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे. अगदी थोड्या फरकानं होणार आहे बघ. एकही डोकं सोडू नकोस हं."

"नाही सोडणार," लिनेट म्हणाली.

गावात मराठी बोलणारं दुसरं माणूस एकच, डॉक्टर शरदचंद्र मायदेव. एकाहत्तर साली आलेले, आता निवृत्त, विधुर. रविवारी मिस्सेनंतर लिनेट त्यांच्याकडे चहाला जायची. त्या रविवारी ते उत्साहात होते.

"हॉर्नर मला सिटीच्या समारंभ-समितीवर घेतोय. भाषण करा म्हणतो."

"नका लिहू भाषण. सिटी होणार नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

लिनेट खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरांना कळायला वेळ लागला नाही.

"लिनेट, तू जनगणनेची शपथ घेतली आहेस ना गं?"

"घेतली. मग?"

"मग काही नाही." त्यांनी कप बाजूला सरकवला. "त्या दिवशी मी इमर्जन्सीच्या दारात उभा होतो. ग्लोव्ह्ज घालून. एवढंच सांगतो. बाकी तुझं तू बघ."

"मी बघतेच आहे, डॉक्टर. त्याच्या तोंडचा घास काढून घेणार आहे मी. चार हजार नऊशे आणि काहीतरी. त्या आकड्याकडे बघत बसू दे त्याला आयुष्यभर."

घरी येताना तिला स्वतःच्या आवाजाची थोडी भीती वाटली. पण निश्चय ढळला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी ती उत्तरेकडे निघाली तर फाटक बंद. पोटॅश खतानं भरलेले डबे उभे होते. इंजिन बंद करून ती बसली. शेजारी रस्त्याच्या कडेला रोमेल उभा होता आणि त्याच्यासोबत आठवा महिना लागलेली एक बाई, दगडावर टेकलेली. त्यानं लिनेटला ओळखलं. आधी तोंड फिरवलं, मग बायकोकडे पाहून जवळ आला.

"मॅडम, तुम्ही गावातल्या. ही गाडी किती वेळ थांबेल?"

"सांगता येत नाही."

"हॉस्पिटलची अपॉइंटमेंट आहे. आज नुसतं तपासायचंय. पण कळा येतील त्या दिवशी गाडी अशीच उभी असली तर?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "कारखान्यातले लोक सांगतात, मागं एक माणूस असाच गेला इथं. गाडी हलेपर्यंत. खरं आहे का हो?"

लिनेटनं स्टिअरिंग धरून ठेवलं. "खरं आहे."

"आणि मग कोणी काही केलं नाही?"

"नाही."

"का?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जे वाक्य बाहेर आलं ते तिनं स्वतःच कधीतरी टाईप केलं होतं.

"इकडे माणसं कमी आहेत म्हणून. आकडा पुरेसा नाही."

रोमेल तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या मागच्या सीटवरच्या, सरकारी शिक्क्याच्या पिशवीकडे त्याचं लक्ष गेलं. तो वळला आणि बायकोशी त्यांच्या भाषेत भराभर बोलला. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "आम्ही सात आहोत. ही टेस. माझी मुलगी. माझा भाऊ, त्याची बायको, दोन मुलगे. लिहा. घरमालक काय करायचं ते करू दे."

"घरमालकाला कळत नाही," लिनेट म्हणाली. "कुणालाच कळत नाही. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"आणि हा?" टेसनं पोटावर हात ठेवून विचारलं.

"दहा मेला जे होते तेच मोजायचे. हा पुढच्या वेळी."

गाडी हलल्यावर तिनं दोघांना हॉस्पिटलपर्यंत सोडलं. वाटेत टेसनं विचारलं, "तुम्ही त्या माणसाला ओळखत होतात?" लिनेटनं हो म्हटलं, एवढंच.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात फॉर्म पसरून बसली. नऊ घरांवर 'रिकामं' असं तिच्या अक्षरात लिहिलेलं. हॉर्नर दक्षिणेला साडेतीनशे म्हणाला होता. ती त्याचंच काम पुढं चालवत होती, तेही त्याच्यापेक्षा नेटकेपणानं. तिला त्याचा राग आला, स्वतःचाही आला. आणि त्या रागात तिला दुसरी वाट दिसली. ती अधिक चांगली होती असं तिला वाटलं नाही. ती त्याला जास्त जिव्हारी लागणार होती, एवढं मात्र दिसलं.

जूनचा उरलेला महिना आणि जुलै ती नऊच्या नऊ घरांत परत गेलीच, पण जिथं तिला कोणी पाठवलं नसतं तिथंही गेली. ट्रेलरच्या मागचे ट्रेलर, गॅरेजच्या वरच्या खोल्या. कोठाराजवळच्या झोपडीवजा घरातली एक युक्रेनियन म्हातारी म्हणाली, मागच्या वेळी माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं. दारं लागली की लिनेट बाहेर थांबायची. पावलं सुजायची. एका घराला ती पाच वेळा गेली.

ऑक्टोबरात हॉर्नर निवडून आला. फेब्रुवारीत आकडे जाहीर झाले. कॅरिक जंक्शन, पाच हजार अठरा.

संध्याकाळी सात वाजता कौन्सिलची सभा होती. केक होता, वार्ताहर होता, डॉक्टर मायदेव कोट घालून पहिल्या रांगेत होते. हॉर्नरनं भाषणात लिनेटचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली आणि लिनेट उभी राहिली. तिच्या हातात दोन कागद होते.

"मिस्टर मेयर, हे भागवार आकडे. इंटरनेटवर सगळ्यांना दिसतात. रुळांच्या दक्षिणेला किती माणसं राहतात ते वाचून दाखवाल?"

हॉर्नरनं हसत कागद घेतला. "एक हजार एकशे चौसष्ट. वंडरफुल."

"आता हा दुसरा. चौदा सप्टेंबर २००९ चं इतिवृत्त. पान तीन. तुमचं वाक्य आहे."

त्यानं पाहिलं. हसू गेलं. "लिनेट, हे आज कशाला—"

"वाचा."

"मला आठवत नाही मी असं—"

"मला आठवतं. मी टाईप केलंय."

हॉर्नरनं वाचलं. साडेतीनशे माणसं, आकडा पुरेसा नाही, सगळं वाचलं. शेवटचे शब्द त्याच्या तोंडातल्या तोंडात राहिले.

"मोठ्यानं," लिनेट म्हणाली.

त्यानं परत वाचलं.

"माझ्या नवऱ्याचं नाव कॉलिन डाबरे. सतरा जानेवारी २०१२. एक्केचाळीस मिनिटं." ती नव्या क्लार्ककडे वळली. ती पोरगी बोटं कीबोर्डवर ठेवून मेयरच्या तोंडाकडे बघत होती. "त्यांच्याकडे काय बघतेस? लिहून घे. डी, ए, बी, आर, ई."

पोरीनं टाईप केलं.

बाहेर पार्किंगमध्ये हॉर्नर कोट न घालताच तिच्या मागे आला. "लिनेट, तुला एक सांगायचंय. त्या सकाळी मी तिथं होतो. अँब्युलन्सच्या मागच्या गाडीत. तो लाल दिवा माझ्या अजून डोळ्यांसमोर येतो. झोप लागत नाही मला."

लिनेटनं गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढला. संपूर्ण काढला, कडेकडेचाही. तो थंडीत कुडकुडत उभा होता.

"छान," ती म्हणाली. "येत राहू दे."

आणि ती निघून गेली. तिनं त्याला तेव्हाही माफ केलं नाही आणि नंतरही नाही.

वार्ताहरानं केकच्या फोटोच्या वर तिचा प्रश्न छापला. सिटी झाली. हॉर्नर सिटीचा पहिला मेयर झाला, पण पुढं गावात जिथं जाईल तिथं कोणीतरी आकडा विचारायचं. भुयारी रस्त्याचा अभ्यास सुरू झाला तो सुरूच आहे. मात्र त्या वर्षीच्या सप्टेंबरात दक्षिणेला, बंद पडलेल्या टायरच्या दुकानात, एक अँब्युलन्स कायमची ठेवली. दुकान लिनेटच्या घरासमोर तिरकं.

तिथली दोन तरुण माणसं तिला ओळखत नाहीत. सकाळी भेटली की गुड मॉर्निंग मॅम म्हणतात. बहुतेक दिवशी त्यांना कुठून बोलावणं येत नाही. ती गाडी धुतात, पुसतात, इंजिन गरम ठेवतात, आणि गाडी दारात नुसती उभी असते, कुठंही न जाता. लिनेट चहाचा कप घेऊन खिडकीत बसते. तिला ती गाडी तशी उभी बघवत नाही. आणि चहा पार गार झाला तरी नजर काढवत नाही.