गिलाव्यावरची बाई

मी एक जुना ब्रश आहे. भिंती रंगवणारा नव्हे, बूट चमकवणारा तर मुळीच नव्हे. मी माती झाडणारा. दोन बोटं रुंद, लाकडी मुठीचा, मऊ केसांचा. मित्रांनो, हजारो वर्षं जमिनीखाली गाडलं गेलेलं एक शहर वर काढायला मी हातभार लावला. आणि त्याच शहरातली एक बाई मी पुसून टाकली. हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगायचं आहे ते हेच.

एका म्हाताऱ्या कारागिराने एकेक केस निवडून, तारेने घट्ट बांधून मला घडवलं. खोक्यात बसून मी उत्खननाच्या तंबूत आलो आणि फुंकरकाकांच्या हाती पडलो. काका तिथले सर्वांत जुने कामगार. ब्रश फिरवण्याआधी ते मातीवर हळूच फुंकर घालून बघायचे, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. त्यांचा हात असा हलका, की मण्यावरची धूळ निघायची, पण मणी जागचा हलायचा नाही.

काय शहर होतं ते! सरळ रस्ते. सगळ्या विटा एका मापाच्या. घरोघरी न्हाणीघर, आणि त्याचं पाणी वाहून नेणारी झाकलेली गटारं. ठरावीक अंतरावर गाळ काढायला खड्डे. काका गटारात उकिडवे बसून मला फिरवत म्हणायचे, "ही माणसं आमच्या गल्लीत राहायला यायला हवी होती. आमचं गटार वर्षभर तुंबलेलं!" चरात खणणारे सगळे हसायचे. मण्यांना केसासारखी बारीक भोकं पाडणारे, मुलांसाठी मातीच्या गाड्या करणारे असे हे लोक. पण ते दिसायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःचं एकही चित्र त्यांनी मागे ठेवलेलं सापडलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका घराच्या अंगणात पडलेली भिंत लागली. काकांनी मला दोनदा फिरवलं आणि गिलाव्यावर लाल रेघ उमटली. मग एक खांदा. मग कानातलं.

"काका, हात थांबवा!" चित्रकार ताई ओरडल्या. सापडलेली प्रत्येक वस्तू कागदावर उतरवण्याचं काम त्यांचं. त्या गुडघ्यांवर बसल्या. "रंगाची पकड सुटली आहे. नुसती भुकटी आहे ही. औषध लावून घट्ट केल्याशिवाय शिवायचं नाही. मी शहरात जाऊन तज्ज्ञांना घेऊन येते, चार दिवस लागतील." त्यांनी वर कापड अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. "तोवर कुणालाही हात लावू देऊ नका."

"तुम्ही निर्धास्त जा, ताई," काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्खननाचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, धावतपळत आले. उद्या वरून पाहुणे येणार होते. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे तेच ठरवणार होते. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ह्या शहरापायी त्यांनी निम्मं आयुष्य उन्हात घालवलं होतं. काम बंद पडण्याच्या भीतीने त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, कापड काढा. नुसता चेहरा मोकळा करा, बस्स."

"साहेब, ताई येईपर्यंत थांबूया का?"

"ताई येईपर्यंत आपण सगळे घरी गेलेलो असू. तुमच्याइतका हलका हात दुसरा नाही, काका. तुम्हाला जमेल."

काकांना तीस वर्षं 'हो साहेब' म्हणायची सवय. त्यांनी दगड उचलले, कापड बाजूला केलं, फुंकर घातली आणि मला पुढे केलं.

मला एकदा फिरवताच ती दिसली. मित्रांनो, मी पाहिलं तिला! मोठे डोळे, किंचित वळलेली मान, उघडं तोंड. गात होती, हसत होती की कुणाला हाक मारत होती, कोण जाणे. गालावर थोडी माती राहिली होती. काकांनी तेवढ्यापुरतं मला पुन्हा फिरवलं आणि ती माझ्या केसांना चिकटून आली. गाल गेला, डोळे गेले, तोंड गेलं. खाली लालसर डाग उरला.

काकांच्या हातून मी गळून पडलो. साहेब मागेच उभे होते. मग पाठ फिरवून तंबूकडे गेले.

पाहुणे आले. त्यांनी त्या डागाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गटारं मात्र फिरून फिरून पाहिली, त्यांवरच खूश झाले आणि दोन वर्षांची मुदत देऊन गेले.

ताई परतल्या तेव्हा काका बांधावर मान खाली घालून बसले होते. ताई एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. वही उघडून म्हणाल्या, "काय दिसलं ते सांगा." काका सांगत गेले, ताई काढत गेल्या, खोडत गेल्या. शेवटी काका म्हणाले, "नाही हो. ही नव्हे ती." अहवालात साहेबांनी तिच्याबद्दल दोनच शब्द लिहिले : 'रंग नष्ट.' कसा, ते लिहिलं नाही.

काकांनी मला घरी आणलं आणि खिडकीत ठेवलं. पुन्हा कधी मातीला लावलं नाही. जो येईल त्याला ते तिची हकिकत सांगायचे. सुनेला, नातीला, शेजाऱ्यांना.

बऱ्याच वर्षांनी साहेब काठी टेकत घरी आले. सुनेने चहा आणून ठेवला. मग साहेबांनी विचारलं, "काका, मी तेव्हा तुमच्या मागे उभा होतो. मला नीट दिसली नाही. ती हसत होती का हो?"

काकांनी डोळे मिटले.

"साहेब, आधी आठवायची. पण इतक्यांदा सांगितलं, की आता मला माझं सांगणंच आठवतं. ती नाही आठवत."

साहेबांनी काकांचा हात हातात घेतला. "मी अहवालात खरं लिहायला हवं होतं," ते म्हणाले.

मित्रांनो, काका आता नाहीत. तिला पाहिलेला मी एकटाच उरलो आहे आणि मला चित्र काढता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. एखादी नाजूक गोष्ट तुमच्या हाती असेल आणि कुणी मोठं माणूस घाई करत असेल, तर 'थांबूया का' असं एकदा विचारून गप्प बसू नका. दुसऱ्यांदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणा. काकांनी एकदाच म्हटलं होतं.