पुलाअलीकडचा फोन

मी पायदळाच्या एका ब्रिगेडचा फोन बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. आज जरा माझं ऐका.

कारखान्यातून निघालो तो थेट लढाईवर. अंगावर चामड्याची पेटी, बाजूला फिरवायची मूठ, पोटात घंटा. ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींच्या तारा माझ्यापर्यंत यायच्या. मुक्काम आज इथे, उद्या तिथे. कधी शाळेच्या बाकावर, कधी कोंबड्यांच्या खुराड्यावर बसून मी वाजलो. आमचे ब्रिगेडियर साहेब मी गप्प असलो की येरझाऱ्या घालायचे आणि वाजलो की दचकायचे.

मला सांभाळायचा ऑपरेटर. तारा जोडणारा जवान त्याचा सख्खा मामा. त्याचं ऐकून सगळी ब्रिगेड, अगदी साहेबसुद्धा, त्याला मामाच म्हणू लागली. "एवढ्या भाच्यांचे लाड कोण पुरवणार?" म्हणून तो कुरकुरायचा आणि हसायचा.

माघारीत दोन पलटणी नदी ओलांडून आल्या. तिसरी पलीकडच्या टेकडीवर शत्रूला अडवून होती. तिला परत बोलावून पूल उडवायचा, असं ठरलं होतं. नेमकी तेव्हाच तार तुटली. वायरलेस आधीच बंद पडलेला. भाचा माझी मूठ फिरवून घामाघूम झाला, मी मुकाच.

"बघतो मी," म्हणत मामा तारेच्या कडेकडेने पूल ओलांडून गेला.

बऱ्याच वेळाने घंटा खणखणली. जिवात जीव आला. "परत या!" साहेबांनी हुकूम दिला. माणसं धावत अलीकडे आली. शेवटचा जवान पोचला, तरी मामाचा पत्ता नाही. मी पुन्हा वाजलो. मामा जवळचा फोन तारेला जोडून पलीकडून बोलत होता.

"साहेब, मांडीत गोळी बसलीय. रणगाडे रस्त्याला लागलेत. उडवा पूल. मी येतो पोहून."

भाचा ओरडला, "साहेब, मामाला पोहता येत नाही!"

पुलाजवळचा सुरुंगवाला साहेबांच्या हाताकडे बघत होता. साहेबांनी रिसीव्हर भाच्याकडे दिला. पहिला रणगाडा पुलाच्या तोंडाशी आला, आणि साहेबांनी हात खाली केला.

"अरे, तुझ्या आईला सांग..."

एवढंच ऐकू आलं. माझी तार त्या पुलावरूनच गेली होती.

मामाचं पुढे काय झालं, कधीच कळलं नाही. भाचा युद्ध संपेपर्यंत माझ्यापाशीच होता, पण साहेबांशी कामापुरतं बोलायचा. एकदा साहेबच म्हणाले, "मी दुसरं काय करायला हवं होतं, सांग."

"तेच, साहेब," भाचा म्हणाला. आणि माझी मूठ पुसायला लागला.

आता मी ब्रिगेडच्या संग्रहालयात काचेआड असतो. मागच्या भिंतीवर आमचा युद्धाचा इतिहास कोरलाय : 'पूल वेळेवर उडवला. तिन्ही पलटणी सुखरूप.' लोक वाचतात, माना डोलावतात, पुढे सरकतात. मला मात्र चैन पडत नाही. मामाचं अर्धं वाक्य माझ्यात अडकून राहिलंय. ते कुणाकडे पोचवू?

बहिणीला काय सांगायचं होतं, ते तुम्हालाही कळणार नाही. पण त्या भिंतीवर एक ओळ वाढवा : मामा पलीकडे होता.